पानाखालचा तांबेरा

१२ फेब्रुवारी

उत्तरेचा वारा, भट्टीतून आल्यासारखा गरम. असा वारा सुटला की टॅलन्स गॅपमध्ये माणसं दारं-खिडक्या लावून मुकाट बसतात. मी मात्र दर अर्ध्या तासाने शेवंत्या बघायला बाहेर. माझा नवरा बॉब असता तर म्हणाला असता, ‘मर्ल, त्यांना ऊन लागत नाही एवढं तुला लागतंय.’

पाणी-खात्याचा नवा हुकूम आलाय. बागेला पाणी फक्त संध्याकाळी, तेही हातात नळी धरून. मला काय फरक पडतो? मी आजवर संध्याकाळीच घालत आले, आणि वरून, चांगली आंघोळ घातल्यासारखं. पुस्तकवाले सांगतात, पाणी मुळाशी घाला, पानं ओली ठेवू नका. त्या पुस्तकवाल्यांना कधी प्रदर्शनाचा करंडक मिळालाय का, ते आधी विचारा.

जॉयसने ख्रिसमसला सिडनीहून आणलेली गुलाबी शेवंती छान धरली. कुणा मैत्रिणीच्या बागेतले फुटवे, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते पोरीने. एवढी आठवण ठेवते, तेवढं तरी बरं. खालच्या पानांवर फिकट पिवळे ठिपके आलेत, खळी पडल्यासारखे. ऊन, दुसरं काय. पानं खुडून खताच्या ढिगावर टाकली.

त्या गुलाबीचं एक रोप मागेच आर्चीला दिलं होतं. आर्ची पेनहॅल मागच्या गल्लीत राहतो. आमच्या शेवंती मंडळात माझ्याइतका जुना तोच एक. बदल्यात त्याने काय द्यावं? टोमॅटो! मी गेल्या वर्षी ‘ओल्वेन’चा फुटवा मागितला, तर म्हणे, ‘नियम आहे मर्ल. तूच केलेला.’ केलाय खरा. नवी शेवंती तीन वर्षं लागोपाठ प्रदर्शनात मांडायची, मग मंडळ तिचं नाव नोंदवणार. तोवर तिचा फुटवा कुणाला द्यायचा नाही. नाहीतर एकाने घडवायची आणि दुसऱ्याने नाव लावायचं, असे प्रकार होऊन गेलेत इथे.

ओल्वेन ही त्याची बायको. ती गेली त्या हिवाळ्यात त्याने पेरलेल्या बियांतून ही पांढरी शेवंती निघाली. पाकळ्या सगळ्या आत वळलेल्या, फूल चेंडूसारखं गोल. खरं सांगायचं तर अशी पांढरी मी उभ्या जन्मात पाहिली नाही. यंदा तिसरं वर्ष. एप्रिलअखेर नाव लागेल.

५ मार्च

सकाळी धुकं होतं. उन्हाळा सरला म्हणायचा.

आर्ची कुंपणापाशी आला. टोपी हातात, चेहरा पडलेला. म्हणाला, ‘मर्ल, जरा येतेस? तुझी नजर चांगली आहे.’

गेले. जाळीघरात नेलं त्याने मला. ओल्वेनच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या, आणि अगदी त्यांच्यामध्ये माझी गुलाबी. मानाची जागा दिली होती बिचाऱ्याने. ओल्वेनचं एक पान त्याने माझ्यासमोर उलटं धरलं. खाली फोडच फोड. काही बदामी, काही मेणासारखे पांढरे.

 शेती खात्याच्या पत्रकात चित्र पाहिलं होतं. पांढरा तांबेरा! आमच्या भागात आजवर कधी आलेला नाही.

‘कुठून आणलास रे हा?’ मी विचारलं.

‘मी कुठून आणणार? मी फाटकाबाहेर जातो तो पावाला आणि ओल्वेनच्या थडग्याला.’

‘आकाशातून तर पडला नाही ना!’

त्याने पान सोडलं आणि टोपी डोक्यावर ओढली. काहीतरी लपवतोय. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी लांबून ओळखते. कुठल्या तरी दुकानातनं गुपचूप रोप आणलं असणार. माझ्या गुलाबीवरही त्याने तांबेरा चढवून ठेवलाय. तिची अवस्था तर सगळ्यांत वाईट.

दोन पानं तोडून बिस्किटाच्या डब्यात घातली. मंडळाला दाखवायला हवीत.

८ मार्च

चर्चच्या सभागृहात सभा. कळ्या कशा खुडायच्या यावर क्लॉड विकरी बोलणार होता, म्हणून ज्याने-त्याने एकेक कुंडी आणलेली. क्लॉड आमचा अध्यक्ष. आयुष्यभर टपाल कचेरीत होता, अजून सगळ्यांकडे तिथल्या खिडकीतून वाकून बघितल्यासारखा बघतो.

मी मध्येच उठले आणि डबा उघडला. म्हटलं, ‘कळ्या राहू देत. हे बघा आधी. हातच्या काकणाला आरसा कशाला? हातात घ्या, पान उलटून बघा, बोट फिरवा. हे फोड ओळखता आले पाहिजेत प्रत्येकाला.’

पानं रांगेतून फिरली. सगळ्यांनी नीट बघितली. डल्सीने तर चष्मा काढून नाकाला लावली. मग चहा आणि लॅमिंग्टन केक, आणि एकमेकांच्या कुंड्यांची पानं उलटून बघण्याचा कार्यक्रम. मला फार समाधान वाटलं. रोगाची अशी माहिती करून देणारं दुसरं मंडळ अख्ख्या व्हिक्टोरियात नसेल.

आर्ची कोपऱ्यात बसला होता. कुणी त्याच्याशी फारसं बोललं नाही.

ठरलं असं, की आठवड्यातून एकदा प्रत्येकाची बाग तपासायची. कुणी तपासायची? सगळ्यांच्या माना माझ्याकडे. क्लॉड म्हणाला, ‘मर्लइतकं कडक कोण आहे?’ हसले सगळे. हसेनात का.

१५ मार्च

तपासणीची फेरी. आधी आर्चीकडे, कारण तिथे रोग किती वाढला हे कळलं पाहिजे. मग डल्सी, मग क्लॉड, मग टेकडीवरची घरं. बॉबचा गाडी चालवायचा चामडी हातमोजा घालते. पानाखाली हात घालून एकेक पान उलटायचं म्हणजे काम आहे, बोटं हिरवी होतात.

आर्चीने खालची पानं काढून टाकलीयत. नळीही बंद, लोट्याने मुळाशी पाणी घालतो. औषध आणून फवारलंय. मी म्हटलं, ‘बैल गेला आणि झोपा केला.’

तो म्हणाला, ‘नवीन पानं स्वच्छ येतायत मर्ल. बघ तरी.’

बघितली. एकेक उलटून बघितली. नवीन पानं स्वच्छ होती, हे कबूल केलं पाहिजे.

डल्सीकडे सगळं चोख. ती मला दाराशीच म्हणाली, ‘काय गं, तो हातमोजा धुतेस का कधी?’

‘चामडं आहे ते. पाण्याने कडक होतं.’

‘बॉबचा वास येतो म्हणून धुवत नाहीस, सांग की.’

टोमणे मारायला नंबर एक. पण ते खरंच आहे, त्याचा वास येतो अजून. 

क्लॉडकडेही स्वच्छ. फक्त आर्चीकडेच आहे म्हणायचं. देवाची कृपा.

२६ मार्च

देवाची कृपा कसली. डल्सीकडे तांबेरा. क्लॉडकडे तांबेरा. टेकडीवर खडीच्या रस्त्यावरच्या दोन्ही घरांत तांबेरा. मीच शोधला, पान उलटून. डल्सी तिथेच मातीत बसली. तिच्या आईच्या वेळचे बुंधे आहेत तिच्याकडे. मी तिला उठवायला गेले तर हात झटकला तिने.

माझ्याकडे काही नाही, हे सांगायचीही लाज वाटली.

संध्याकाळी तातडीची सभा. डल्सी तोंडाला येईल ते बोलत होती आर्चीला. ‘तुझ्या बायकोच्या नावाने आम्हा सगळ्यांचं वाटोळं केलंस,’ असं म्हणाली. बोलायला नको होतं, पण तिचं तरी काय चुकलं? आर्ची उभा राहिला. हातात टोपी गोल फिरवत म्हणाला, ‘मी कुणालाही फुटवा दिलेला नाही. कुणाच्या बागेत पाऊल टाकलेलं नाही. हा कसा गेला मला कळत नाही.’

‘वाऱ्याने,’ मी म्हटलं. ‘तुझ्याकडून वाऱ्याने. म्हणून मुळावरच घाव घालायला हवा.’

मी ठराव मांडला. ज्या बागेत तांबेरा, त्या बागेतली शेवंती सगळी उपटायची आणि जाळायची. पानं काढून, फवारून चालणार नाही. अपवाद नाही.

आर्ची माझ्याकडे बघत म्हणाला, ‘महिनाभर दे मला. बाकी सगळं उपटतो. ओल्वेनच्या कुंड्या तेवढ्या वेगळ्या ठेवतो, झाकून. फक्त एक महिना. मर्ल, ती दुसरीकडे कुठेच नाही. बी पेरून ती परत येत नाही, तुला माहीत आहे.’

माहीत आहे मला. शेवंतीच्या बीतून कधी आईसारखी मुलगी येत नाही. बुंधा गेला की फूल गेलं.

पण एकाला सूट दिली की नियम गेला. मी हात वर केला. मग एकेक करून सगळ्यांनी केला. क्लॉडने सगळ्यांत शेवटी.

२८ मार्च

वणव्याच्या भीतीने घालतात ती आगबंदी आज नव्हती. सकाळपासून दमट. अग्निशमनवाल्यांना कळवून आर्चीच्या मागच्या अंगणात पिंप पेटवलं. क्लॉड आला होता. पण तो कुंपणापाशीच उभा राहिला, डोळ्यांत धूर जातो म्हणाला.

आर्ची स्वतः उपटत होता. माती झटकून एकेक मला देत होता आणि मी पिंपात टाकत होते. ओली झाडं पेटत नाहीत, नुसती धुमसतात. त्याने जाळीघरातून रॉकेल आणून दिलं.  मला वाटलं होतं रडेल, भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं.

शेवटी त्याने विचारलं, ‘चहा घेणार?’

मी नको म्हटलं. घरी येऊन कपडे भिजत घातले, धुराचा वास जाईना. नंतर माझ्या झाडांना पाणी घालायला गेले. छान टवटवीत आहेत. पिवळीला कळ्या भरल्यात.

२ एप्रिल

हे लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

फेरीवर आर्चीकडे गेले. म्हणजे तिथे आता तपासायला काही नाही, पण नोंद हवी. मागे धुण्याची खोली आहे त्याची. दार लावलेलं. भर दिवसा, उन्हात, दार लावून धुणं कोण धुतं? मी ढकललं.

खिडकीखाली दगडी टाकी, तिच्यात वेताची टोपली पालथी. टोपलीखाली एक कुंडी. ओल्वेन. टोकाला कळी धरलेली, वाटाण्याएवढी.

आर्ची मागे येऊन उभा होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘पान उलटून बघ. एक ठिपका दाखव. एक दाखवलास तर मी स्वतः जाळीन.’

मी बघितलं. हातमोज्याने एकेक पान उलटलं, उजेडाकडे धरलं. काही नव्हतं. इतकी स्वच्छ शेवंती मी या महिन्यात कुणाकडेच पाहिली नाही.

‘दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं आर्ची. पानाच्या आत असतो तो.’

‘मग आत असेल तर बाहेर येईपर्यंत थांब.’

‘आणि डल्सीला काय सांगू? तिने आईचे बुंधे जाळले. तिला सांगू, आर्चीचं टोपलीखाली ठेवलंय?’

त्याने टोपली उचलून छातीशी धरली. मग म्हणाला, ‘तिला नको सांगूस.’

एवढंच. लहान पोरासारखं. मला इतकं वाईट वाटलं की मी दाराकडे तोंड फिरवलं. वाटलं, जावं निघून, काही पाहिलंच नाही म्हणावं. कुणाला कळणार होतं? पण मग मी कोण? माझ्या शब्दाला काय अर्थ? मी म्हटलं, ‘आण इकडे.’

त्याने मला हात लावू दिला नाही. स्वतः कुंडीतून काढली, स्वतः पिंपात ठेवली, टाकली नाही, ठेवली. काडी मात्र मला ओढावी लागली. 

सभेत मी हे सांगणार नाही. तेवढं त्याच्यासाठी करेन.

११ एप्रिल

माझ्याकडे आला.

पिवळीच्या पानांखाली, मधल्या ओळीत. गुलाबीवर तर वरपर्यंत चढलाय, फोड फुटून पांढरे पडलेत. मी गुलाबीकडे बघितलंच नव्हतं इतके दिवस. ती प्रदर्शनाची नाही, म्हणून कोपऱ्यात होती.

 शेवटी त्या माणसाने माझंही घर बुडवलं. त्याच्या धुरातून आलं असणार, नाहीतर त्या दिवशी कपड्यांवरून.

आता काय करावं? प्रदर्शन तोंडावर आलंय. डल्सीचं गेलं, क्लॉडचं गेलं, टेकडीवरचं गेलं. मीही उपटलं तर टेबलांवर काय मांडायचं, चहाचे कप? मंडळ बंद पडेल. आजवर एक वर्ष प्रदर्शन चुकलेलं नाही. आणि माझ्याकडे तसं थोडंच आहे. आर्चीकडे होतं तसं नाही. वेळेवर सापडलंय.

खालची पानं काढली. आर्चीने जे औषध आणलं होतं तेच दुकानातून आणलं, फवारलं. पाणी मुळाशी घातलं. महिनाभर बघू.

कुणाला सांगितलं नाही. विचारलं कुणी तर खोटं बोलणार नाही.

१९ एप्रिल

क्लॉडने मला न विचारता शेती खात्याला कळवलं होतं. आज तिकडून एक मुलगी आली, मिस टिलबर्ग. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. प्रत्येक फाटकाशी स्पिरिटने हात पुसते. मी म्हटलं, ‘बाई, शस्त्रक्रिया करायला आलात की शेवंती बघायला?’

ती हसली. ‘हा हातावरूनच जास्त जातो, आजी. हात, कपडे, कात्री. आणि ओल्या पानांवर लगेच धरतो. वाऱ्यानेही जातो, पण गल्लीपलीकडून टेकडीवर जायला त्याला कुणाची तरी सोबत लागते.’

माझ्या बागेत आली. मी औषध मारल्यामुळे पिवळी ठीक दिसत होती. पण ती सरळ कोपऱ्यात गुलाबीपाशी गेली. गुडघे टेकून बसली. भिंगातून जुन्या देठांवरचे वण बघितले. खालची वाळकी पानं चिमट्याने उचलली.

‘हे कधी आणलं?’

‘ख्रिसमसला. मुलीने दिलं.’

‘आणि पहिले ठिपके कधी दिसले?’

‘ते उन्हाचे होते.’

‘केव्हा?’

‘फेब्रुवारीत.’

तिने ती पानं पिशवीत बंद केली. मग म्हणाली, ‘कडक उन्हाळ्यात हा दबून बसतो. गेला असं वाटतं. धुकं पडायला लागलं की उठतो.’ मग माझ्या हाताकडे बघून, ‘तपासणीला हाच हातमोजा वापरता का?’

मी म्हटलं, ‘तो माझ्या नवऱ्याचा आहे.’

‘मिस्टर पेनहॅलना यातलं रोप दिलं होतं का?’

मी म्हटलं, ‘आठवत नाही.’

का म्हणाले मी असं? तोंडातून निघून गेलं. तिने मान हलवली. म्हणाली, कुणाचं नाव लिहायची तिच्याकडे पद्धत नाही. जाताना फाटकाशी हात पुसता पुसता म्हणाली, ‘एक सांगू का? सगळं जाळायची गरज नव्हती. दुर्मीळ झाड असेल तर पानं काढायची, वेगळं ठेवायचं, फवारायचं, पाणी मुळाशी. दोन-चार बुंधे वाचतात बहुतेक वेळा. लोक घाबरतात आणि घाई करतात.’

कालची पोर. हिला टॅलन्स गॅपची हवा काय ठाऊक? प्रयोगशाळेत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. देठावरच्या वणांवरून म्हणे तारीख सांगणार!

२० एप्रिल

ती चुकीचं बोलली असेल. पण समजा बरोबर बोलली असेल तर.

नाही. आर्चीकडे आधी दिसला. सगळ्यांनी पाहिलं.

आज हातमोजा साबणाने धुतला. वाळल्यावर लाकडासारखा झालाय. बॉबचा वास गेला.

३० एप्रिल

प्रदर्शन झालं. सभागृहात एरवी उभं राहायला जागा नसते, यंदा टेबलं भिंतीला सरकवून मधोमध खुर्च्या मांडल्या, म्हणजे रिकामं दिसू नये. शेवंत्या कुणाच्या? माझ्या, आणि नदीपलीकडच्या दोन नवीन सभासदांच्या, त्यांची फुलं चहाच्या बशीएवढीसुद्धा नाहीत. परीक्षक बॅलरॅटहून आले होते. त्यांनी माझ्या पिवळीपुढे उभं राहून मान हलवली. करंडक मला.

टाळ्या वाजल्या. डल्सीने वाजवल्या नाहीत. नंतर चहाच्या भांड्यापाशी मला गाठून म्हणाली, ‘नशीबवान आहेस बाई. सगळ्या गावाला लागला आणि तुझ्या दाराशी येऊन परत गेला.’

मी म्हटलं, ‘काळजी घेतली की होतं.’

म्हणून गेले. जीभ झडली नाही माझी.

आर्ची आला होता. काळा कोट, जो त्याने ओल्वेनच्या वेळी घातला होता तोच. नवीन शेवंतीच्या टेबलावर पांढरा कपडा नुसता अंथरलेला होता, क्लॉड तो काढायला विसरला. आर्ची तिथे जरा वेळ उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘पिवळी छान झालीय मर्ल.’

मला करंडक धरवेना. टेबलावर ठेवला.

४ मे

क्लॉड सांगत होता, आर्ची घर सोडतोय. मुलगा पर्थला असतो, तो येऊन नेणार. मातृदिन झाला की निघणार. क्लॉड म्हणाला, ‘इथे आता काय आहे त्याच्यासाठी? बागेत जातच नाही तो. मागचं दार उघडत नाही.’

मग म्हणाला, ‘रोज विचारतो, माझ्याकडे कुठून आला असेल रे? पुन्हापुन्हा तेच. शेवटी त्याने स्वतःच ठरवलंय, थडग्यावर कुणीतरी ठेवलेल्या दुकानी शेवंतीला हात लावला होता, त्यातून आणला. आपणच आणला, असं म्हणतो.’

मी म्हटलं, ‘असेल.’

घरी येऊन बसून राहिले. मग उठले आणि गुलाबी उपटली. मुळासकट. जाळायला धीर झाला नाही, धूर दिसला असता गल्लीतून. काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात दिली.

८ मे, मातृदिन

सकाळी जॉयसचा फोन. ‘आई, गुलाबीला फुलं आली का?’ मी म्हटलं, नाही धरली ती, हवा मानवली नाही. तिला वाईट वाटलं. पुन्हा आणेन म्हणाली. मी म्हटलं, नको गं, आणू नकोस, इकडे आपल्याच पुष्कळ आहेत.

चर्चला गेले नाही. आज मातृदिनाच्या रीतीप्रमाणे सगळ्यांच्या कोटाला पांढरी शेवंती, नाहीतर हातात जुडगा. यंदा गावात पांढरी कुणाकडेच नव्हती, दुकानातून आणल्या असतील लोकांनी.

दुपारी ठरवलं. जायचं आणि सांगायचं. गुलाबी माझी होती, ख्रिसमसपासून तिच्यावर होतं, मीच तुला दिली आणि मीच हाताने गावभर फिरवली. एवढं बोललं की झालं. पुढे तो काय म्हणेल ते म्हणो. डल्सीला कळेल, मंडळ मला काढून टाकेल, काढू दे. आज कितीतरी दिवसांनी जेवण गेलं मला. मटणाचे दोन तुकडे खाल्ले. कोट घातला, केस नीट केले आणि दार उघडलं.

तर आर्चीच फाटकाबाहेर उभा.

मी म्हटलं, ‘अरे, मी तुझ्याकडेच निघाले होते. आत ये.’

‘नको,’ तो म्हणाला. ‘आत येत नाही. माझ्या बुटांना असेल अजून. तुझी तेवढी एकटीची बाग राहिलीय.’

फाटकापासून चांगला हात-दोन हात लांब उभा होता. फाटकाला शिवतसुद्धा नव्हता.

‘उद्या निघतोय,’ म्हणाला. ‘सगळ्यांकडे जाऊन आलो. डल्सीने दार उघडलं नाही. तिचा राग मी समजू शकतो. पण तुला भेटल्याशिवाय जायचं नव्हतं. मी त्या दिवशी तुला वाईट माणूस समजलो होतो मर्ल. धुण्याच्या खोलीत. मनात फार वाईट बोललो तुला. पण तुझं बरोबर होतं. मी घाण आणली गावात आणि वर एक झाड लपवत बसलो. ओल्वेन असती तर तिनेच ते आधी जाळलं असतं.’

‘आर्ची, ऐक,’ मी म्हटलं. खरंच म्हटलं मी तसं. तोंड उघडलं होतं.

‘नाही, तू ऐक. मला बोलू दे, पाठ करून आलोय.’ डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या, पुसत नव्हता. हातही चेहऱ्याला लावत नव्हता. ‘तुम्हा सगळ्यांचं मी वाटोळं केलं. मला माफ कर. एकीने जरी माफ केलं ना, तरी मी जाऊ शकेन इथून.’

रस्त्यावर कुणी नव्हतं. मी फाटक उघडायला हात पुढे केला, तर तो घाईघाईने मागे सरकला. ‘नको, नको,’ म्हणाला, ‘हात नको लावूस.’

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. इतक्या आशेने माझ्याकडे कधी कुणी बघितलं नाही, बॉबनेसुद्धा नाही.

मी म्हटलं, ‘जाऊ दे आर्ची. झालं गेलं. मी केव्हाच माफ केलंय तुला.’

त्याला फार बरं वाटलं. दोनदा आभार मानले त्याने माझे, आणि गेला.